चावी हातात येईपर्यंत नोटीस नको
पहिलं घर घेताना भाड्याचं घर कधी सोडायचं : मीरा-भाईंदरमधल्या कुटुंबांसाठी एक हिशेब

डिसेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर पुन्हा एकदा पाव टक्क्याने कमी केला आणि तो ५.२५ टक्क्यांवर आला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हा दर ६.५० होता. एका वर्षात सव्वा टक्का उतरला म्हटल्यावर गृहकर्जाचे हप्ते थोडे हलके झाले आणि मीरा रोडच्या घराघरांत पुन्हा तीच चर्चा सुरू झाली : किती वर्षं भाडं भरत राहायचं? आता आपलं घर घेऊ या. नया नगर, शांती नगर, पूजा नगर, काशीमिरा, हाटकेश, कुठेही जा, संध्याकाळच्या चहाला बजेट, कार्पेट एरिया आणि स्टेशनपासूनचं अंतर हे तीन विषय निघतातच.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत निघत नाही. आज ज्या भाड्याच्या घरात राहतो, ते कोणत्या तारखेला सोडायचं? लोकांना वाटतं ही किरकोळ बाब आहे. घर घेतलं की टेम्पो बोलवायचा आणि निघायचं. प्रत्यक्षात पहिलं घर घेणाऱ्या कुटुंबाचं सगळ्यात जास्त नुकसान याच तारखेपायी होतं आणि ते कुठल्याच हिशेबात धरलेलं नसतं.

आमचं म्हणणं थोडक्यात असं : भाड्याचं घर सोडायची तारीख बिल्डरच्या शब्दावरून, एजंटच्या अंदाजावरून किंवा ईदच्या चांदावरून ठरवू नये. नव्या घराची चावी हातात आली, नळाला पाणी आलं, मगच नोटीस द्यावी. दोन्ही घरांचा खर्च महिना-दीड महिना एकदम उचलावा लागेल, तो घराच्या किमतीतलाच एक भाग समजून आधीच बाजूला ठेवावा. हे सर्वांनाच लागू आहे. आपल्या लोकांना ते जास्त का लागू आहे, ते पुढे येईलच.

फिरणारा मेसेज आणि खरा कायदा

आधी एका गैरसमजाबद्दल. मोबाईलवर एक मेसेज फिरतो : देशात नवा भाडे कायदा लागू झाला, आता घरमालक दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ शकत नाही. आमच्याकडे हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर किमान तीनदा आला. यात अर्धं सत्य आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली आणि त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा आहे, हे खरं. पण तो नावाप्रमाणे 'आदर्श', म्हणजे नमुना आहे. राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्रात आजही आपले व्यवहार चालतात ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खाली, आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटवर अशी मर्यादा नाही. तेव्हा हा मेसेज दाखवून घरमालकाशी वाद घालायला जाऊ नका, वेळ जाईल.

१९९९ च्या कायद्यातली दोन कलमं मात्र प्रत्येक भाडेकरूला माहीत हवीत. कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. अकरा महिन्यांचा असला म्हणून सुटका नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे आणि ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. 'अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की बस्स' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, ते महाराष्ट्रात चुकीचं आहे.

दुसरं कलम २४. कराराची मुदत संपली आणि तुम्ही घर सोडलं नाही, तर घरमालक दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. अठरा हजार भाडं असेल तर महिन्याला छत्तीस हजार. नव्या घराला उशीर झाला म्हणून जुन्या घरात 'भाईजान, बस आणखी पंधरा दिवस' म्हणत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. घरमालक भला असेल तर मागणार नाही. पण कागद त्याच्या बाजूने आहे.

डिपॉझिटची गाठ

आता मुख्य अडचण. मीरा रोडमध्ये, मुंब्र्यात, आणि एकूणच आपल्या वस्त्यांमध्ये 'हेवी डिपॉझिट' नावाची पद्धत खूप चालते. पाच-सहा लाख, कधी दहा लाख घरमालकाकडे ठेवायचे आणि भाडं नाममात्र द्यायचं किंवा द्यायचंच नाही. महिन्याचा खर्च वाचतो म्हणून कुटुंबं खूश असतात. गावची जमीन विकून आलेले, आखातातल्या नोकरीतून साठवलेले किंवा बहिणीने दिलेले पैसे असे घरमालकाकडे जाऊन बसतात.

या पद्धतीवर अनेक उलमांनी आक्षेप घेतलेला आहे. कारण डिपॉझिट हे मुळात कर्जासारखं असतं आणि त्याच्या बदल्यात भाडं कमी करून घेणं म्हणजे कर्जावर फायदा घेणं. व्याजाला नको म्हणणारी माणसं इथे मात्र डोळेझाक करतात, हे आम्हाला नेहमी खटकतं. फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही, ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या भागातल्या मुफ्तींना विचारावं. आम्ही फक्त पैशांची गाठ दाखवतो.

समजा, तुम्ही बावन्न लाखांचं घर घेताय. मीरा-भाईंदरमध्ये मुद्रांक शुल्क अधिभार धरून सात टक्क्यांच्या आसपास जातं. सात टक्के धरले तर ३ लाख ६४ हजार. नोंदणी शुल्क तीस हजार. म्हणजे सरकारी खर्चच जवळपास चार लाख. (घर फक्त पत्नीच्या किंवा आईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, या उदाहरणात बावन्न हजार. आपल्याकडे ही सवलत वाया घालवणारे बरेच आहेत. बाईच्या नावावर घर झालं तर आभाळ कोसळतं की काय कोण जाणे!) बँक पूर्ण किंमत कधीच देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ऐंशी टक्के मिळतात. म्हणजे वरचे दहा लाख चाळीस हजार आणि सरकारी चार लाख, असे साडेचौदा लाख तुमच्या खिशातून जायला हवेत.

आणि तुमच्या खिशातले सहा लाख आहेत कुठे? घरमालकाकडे, डिपॉझिट म्हणून. ते परत कधी मिळणार? घर रिकामं केल्यावर. घर रिकामं कधी होणार? नव्या घराची चावी मिळाल्यावर. चावी कधी मिळणार? पैसे भरल्यावर. इथे सगळं अडतं.

त्यात आणखी एक पेच आहे. बहुतेक घरमालकांनी ते पैसे जपून ठेवलेले नसतात. कुणी मुलीच्या लग्नात घातले, कुणी धंद्यात, कुणी त्यातूनच दुसरं घर घेतलं. तुमचे पैसे तो देणार पुढच्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून. म्हणजे तुमच्या घराची नोंदणी वेळेवर होणं हे ज्याला तुम्ही अजून पाहिलेलंही नाही अशा माणसावर अवलंबून. बँकेचं कर्ज न घेता नातेवाइकांच्या कर्ज-ए-हसनावर घर घेणाऱ्यांची अवस्था आणखी नाजूक असते, कारण त्यांना एकेक रक्कम ठरलेल्या दिवशी हातात हवी असते आणि मागे बँक उभी नसते. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं, तेव्हापासून या कुटुंबांना औपचारिक असा दुसरा रस्ता उरलेला नाही.

मग करायचं काय? घर शोधायला निघण्याच्या आधी, म्हणजे टोकन द्यायच्याही आधी, घरमालकाला भेटा. नोटीस देऊ नका, फक्त कल्पना द्या : सहा-आठ महिन्यांत आम्ही घर घेणार आहोत, आमची रक्कम कशी परत कराल? दोन हप्त्यांत देता येईल का? नोंदणीच्या वेळी अर्धी दिली, तर तेवढ्या प्रमाणात उरलेल्या महिन्यांचं भाडं वाढवून द्यायला तयार राहा. बरेच घरमालक याला राजी होतात, कारण एकरकमी सहा लाख उभे करण्यापेक्षा त्यांनाही ते सोपं जातं. दुसरा मार्ग, जो इथे खूप वापरात आहे : नवा भाडेकरू ठरला की त्याचा चेक किंवा बँक ट्रान्सफर घर सोडण्याच्या दिवशी थेट तुमच्या खात्यात, आणि तिघांच्या सह्यांची पावती.

जे ठरेल ते लिहून घ्या. 'अपना आदमी आहे, लिहायचं कशाला' हे वाक्य ज्यांच्या घरात सर्रास बोललं जातं, त्यांच्याच घरात कुराणही असतं, आणि त्यातली सर्वात मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार मुदतीसह आणि साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याबद्दलच आहे. आपल्या माणसांशीसुद्धा.

बिल्डरची तारीख

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घेतलं असेल तर तीन तारखा वेगवेगळ्या असतात, हे समजून घ्या. एक, सेल्स ऑफिसमध्ये तोंडी सांगितलेली. दुसरी, नोंदणीकृत करारात लिहिलेली, आणि तिच्या पुढेही सवलतीचे काही महिने बारीक अक्षरात असू शकतात. तिसरी, महारेराच्या वेबसाइटवर त्या प्रकल्पासमोर दिसणारी, जी मुदतवाढ घेतली की बदलते. तिन्हींपैकी नोटीस देण्यासाठी एकही उपयोगाची नाही. उपयोगाची आहे ती ओसीची, म्हणजे महापालिकेच्या भोगवटा प्रमाणपत्राची तारीख.

'फिट-आऊट पझेशन' नावाचा प्रकार इथे फार चालतो. बिल्डर म्हणतो, चावी घ्या, फर्निचर करून घ्या, ओसी येईलच. लोक आनंदाने चावी घेतात आणि त्याच दिवशी भाड्याच्या घराची नोटीस देतात. मग पाणी टँकरचं, लिफ्ट बंद, वीजमीटर बांधकामाचं. मीरा-भाईंदरमध्ये तर ओसीशिवाय वर्षानुवर्षं लोक राहत असलेल्या इमारती आहेतच. जानेवारी २०२४ मध्ये नया नगरच्या हैदरी चौकात पालिकेने जी तोडकामाची कारवाई केली, ती दुकानांवर आणि पुढे आलेल्या बांधकामांवर होती. पण बुलडोझर पाहिल्यापासून 'आपली इमारत कागदावर बरोबर आहे का' हा प्रश्न बऱ्याच घरांत पहिल्यांदा विचारला गेला. तो घर घेण्याआधीच विचारावा, आणि भाड्याचं घर सोडण्याआधी पुन्हा एकदा.

पाण्याचंही तसंच. सूर्या प्रादेशिक योजनेतून या शहराच्या वाट्याला रोज २१८ दशलक्ष लिटर पाणी ठरलेलं आहे, पण तुमच्या नव्या कॉम्प्लेक्सला पालिकेची जोडणी मिळाली की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. सकाळच्या वुजूच्या वेळी नळाला काय येतं, ते तिथे आधी राहायला आलेल्या कुणाला तरी विचारा. ब्रोशरमध्ये ते सापडणार नाही.

रेरा कायदा खरेदीदाराला काही गोष्टी देतो. ओसी मिळाल्यावर ताबा घ्यायला दोन महिन्यांची मुदत कायद्यात आहे. म्हणजे चावी मिळाली की चोवीस तासांत शिफ्ट व्हायची गरज नाही. करारात मात्र कमी दिवस लिहिलेले असू शकतात, ते आधी वाचा. बिल्डरने उशीर केला आणि तुम्हाला घर हवंच असेल, तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं. ते स्टेट बँकेच्या सर्वाधिक कर्जदरापेक्षा दोन टक्के जास्त असतं. हे व्याज की भरपाई, असा प्रश्न काही जण विचारतात, तोही मुफ्तींकडे न्या. आमचा मुद्दा एवढाच की महारेराचा निकाल येऊन पैसे हातात पडायला वेळ लागतो आणि तोपर्यंत भाडं तुम्हालाच भरायचं असतं. त्यावर विसंबून महिन्याचं बजेट करू नका.

तीस लाखांच्या कर्जावर आठ टक्क्यांनी फक्त व्याजच महिन्याला वीस हजार होतं. पूर्ण रक्कम बिल्डरला गेलेली असेल आणि घर मिळालेलं नसेल, तर वीस हजार बँकेला आणि अठरा हजार घरमालकाला. अडतीस हजार. सहा महिने उशीर झाला, आणि तेवढा होतोच, तर नुसत्या भाड्याचेच एक लाख आठ हजार. बुकिंग करतानाच हे पैसे वेगळे काढून ठेवता येत नसतील, तर बांधकाम सुरू असलेलं घर तुमच्यासाठी नाही. ओसी मिळालेलं किंवा रिसेलचं बघा. ओसी मिळालेल्या घरावर जीएसटीही लागत नाही. चालू बांधकामावर परवडणाऱ्या घराला एक टक्का आणि इतरांना पाच टक्के लागतो.

रिसेलमध्ये तरी चावी लगेच मिळते का?

लोकांना वाटतं रिसेल म्हणजे आज टोकन, उद्या चावी. टोकननंतर करार आणि नोंदणी होते. मग बँकेची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी, सोसायटीची एनओसी, कर्जाचा चेक. यात दीड-दोन महिने सहज जातात. विकणाऱ्यावर स्वतःचं कर्ज असेल तर आधी त्याच्या बँकेचं खातं बंद व्हायचं, मग त्यांच्याकडून मूळ कागद यायचे. तिथे आणखी काही आठवडे. घराची किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस तुम्ही कापून सरकारकडे भरायचा असतो, तो विसरला तर शेवटच्या क्षणी धावपळ.

आणि विकणारा स्वतः कुठे जाणार आहे? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. तो वसई-विरारला नवं घर घेत असेल आणि त्याच्या बिल्डरने उशीर केला, तर तो तुमचं घर सोडणार नाही. त्याच्या घरात भाडेकरू असेल तर तो कधी निघतो, ते पाहायचं. मध्येच पितृपक्ष आला तर बरेच विक्रेते व्यवहार पुढे ढकलतात. ते त्यांच्या श्रद्धेचं आहे, आपण फक्त कॅलेंडर बघून ठेवावं. आपल्याकडेही 'मोहरम-सफरमध्ये घर बदलू नका' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्या बायका आहेत. याला दीनमध्ये काही आधार नाही असं उलमा सांगतात, पण घरात आजी असेल तर तारीख ठरवताना तीही धरावी लागते.

रिसेलच्या करारात ताब्याची तारीख लिहून घ्या, आणि ती चुकली तर दर दिवसाला किती रक्कम विक्रेता देईल, तेही. तो आकडा तुमच्या आजच्या भाड्याएवढा तरी असावा. विक्रेते कुरकुर करतात, पण मागितलं तर मिळतं.

मधले दोन महिने कुठे राहणार?

ज्यांनी घाईने नोटीस दिली आणि नवं घर मिळालं नाही, ते काय करतात? इतर कुणी असतं तर दोन महिन्यांसाठी जवळच्या सोसायटीत घर घेतलं असतं. आपल्याला ते इतकं सोपं नाही. मुसलमानांना मिश्र वस्तीत घर भाड्याने किंवा विकत मिळवताना अडचण येते, याची नोंद सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही आहे. त्यासाठी अहवाल उघडायचीही गरज नाही, एजंटला फोनवर आडनाव सांगून बघा. 'सोसायटीवाले देत नाहीत भाई, मला काही प्रॉब्लेम नाही.' १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून कित्येक कुटुंबं मीरा रोडला आणि मुंब्र्याला आली. नया नगरची वस्ती त्याआधीच उभी राहू लागली होती, ती मग दाटली. मीरा-भाईंदर शहराची लोकसंख्या २००१ मध्ये ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ८ लाख ९ हजार झाली. पण आपल्याला सहज घर मिळेल अशा गल्ल्या त्या प्रमाणात वाढलेल्या नाहीत.

आता या गल्ल्यांवर रिडेव्हलपमेंटचाही ताण आला आहे. ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकातल्या इमारती खाली होत आहेत. तिथले मालक बिल्डरकडून भाडं घेऊन त्याच परिसरात तात्पुरती घरं शोधतात. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या भाडेकरूला मात्र रिडेव्हलपमेंटमध्ये काही मिळत नाही, तोही त्याच बाजारात उभा राहतो. अशा वेळी दोन महिन्यांसाठी घर द्यायला कोण बसलंय? मिळालंच तर दलाली पूर्ण महिन्याची, वर टेम्पोचा खर्च दोनदा.

आमच्या शाळेतल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो, नावाशिवाय. बिल्डरच्या माणसाने एप्रिलमध्ये चावी म्हणून सांगितलं. वडिलांनी मार्चमध्येच नोटीस देऊन टाकली, कारण डिपॉझिटचे पैसे शेवटच्या हप्त्याला हवे होते. एप्रिल गेला, पावसाळा गेला, चावी दिवाळीनंतर मिळाली. मधल्या काळात सामान जोगेश्वरीला मामांच्या खोलीत, आई आणि दोन मुली तिथेच, वडील आणि मुलगा मीरा रोडला एका मित्राकडे. मुली सकाळी साडेपाचला निघून लोकलने शाळेत यायच्या. मोठी दहावीत होती. मुलगी हुशार, तक्रार कधी केली नाही, फक्त पहिल्या तासाला झोपायची.

शिक्षक म्हणून आम्हाला हे जास्त दिसतं. कर्ज, हप्ता, भाडं हा मोठ्यांचा हिशेब असतो, पण घर हलण्याच्या घोळात मुलांचं पूर्ण सत्र जातं. घर बदलायला सर्वात बरा काळ म्हणजे वार्षिक परीक्षा संपल्यापासून जूनच्या मध्यात शाळा उघडेपर्यंतचा. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये टेम्पो दारात उभाच करू नका, भाडं एक महिना जास्त गेलं तरी चालेल. आणि आरटीईच्या पंचवीस टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर आणखी एक गोष्ट : भाड्याच्या घराचा पत्ता दाखवायला नोंदणीकृत करार लागतो आणि शाळेपासूनचं अंतर त्याच पत्त्यावरून मोजलं जातं. प्रवेशाच्या ऐन काळात करार संपवून टाकला आणि नव्या घराचा कागद अजून हातात नाही, तर मूल कुठल्याच पत्त्यावर राहत नाही असं होतं.

रमजानमध्येही घाई करू नये. 'ईद नव्या घरात' ही इच्छा आम्हाला समजते, पण रोजात सामान बांधणं आणि तरावीहनंतर प्लंबरला फोन करणं हा अनुभव कुणाला नको. ईदला पाहुणे जुन्या घरात आले तर काही बिघडत नाही.

कराराची मुदत आणि ताबा जुळत नसेल तर

बहुतेकांची अडचण अशी असते : अकरा महिने एप्रिलमध्ये संपतात आणि चावी जून-जुलैत अपेक्षित आहे. घरमालक म्हणतो, पुन्हा अकरा महिने करा नाहीतर निघा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. करार अकरा महिन्यांचाच असावा असं कायद्यात कुठेही नाही. तीन महिन्यांचाही नोंदणीकृत करार होतो. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं (परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज गृहीत धरून तेही त्यात मिळवतात), तीन महिन्यांसाठी ते काही शे रुपयांपुढे जात नाही. नोंदणी शुल्क एक हजार. एजंट पूर्ण दलाली मागेल, ती मुदतीच्या प्रमाणात द्या, आणि घासाघीस करायला लाजू नका.

घरमालक अकरा महिन्यांवर अडूनच बसला तर करा अकरा महिने, पण दोन गोष्टी सोडू नका. लॉक-इन नको, किंवा असलाच तर दोन-तीन महिन्यांच्या वर नको. आणि नोटीस एक महिन्याची. लॉक-इन सहा महिन्यांचा असेल आणि चावी तिसऱ्या महिन्यात मिळाली, तर उरलेल्या तीन महिन्यांचं भाडं रिकाम्या घराचं भरावं लागेल. जुना करार नूतनीकरण करताना लोक हे कलम वाचतच नाहीत, कारण गेल्या वर्षीही तेच होतं. गेल्या वर्षी तुम्ही घर घेत नव्हता.

सगळं नीट जुळलं तर हिशेब असा बसतो : नव्या घराची चावी मिळाली, त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जुन्या घराची एक महिन्याची लेखी नोटीस. पहिल्या दोन आठवड्यांत रंग, ग्रिल, गळती, मीटरवरचं नाव, गॅसची जोडणी. तिसऱ्या आठवड्यात सामान. चौथ्या आठवड्यात जुनं घर धुऊन-पुसून घरमालकाला दाखवायचं. अठरा हजार भाडं असेल आणि दीड महिना दोन्ही घरं राहिली, तर खर्च सत्तावीस हजार. बावन्न लाखांच्या घरात हे जेमतेम अर्धा टक्का. मॉड्युलर किचनच्या एका कपाटात यापेक्षा जास्त जातात.

शेवटच्या दिवसाबद्दल दोन शब्द, कारण वाद तिथेच होतात. ताबा आणि डिपॉझिट एकाच बैठकीत, हे कलम करारात नसेल तर नोटीसमध्येच लिहा : अमुक तारखेला ताबा द्यायला तयार आहोत, त्याच वेळी रक्कम द्यावी. घरमालकाने तारीख पुढे ढकलली तर तेही मेसेजवर लेखी घ्या, म्हणजे उद्या दुप्पट भाड्याची भाषा त्याला करता येणार नाही. रिकाम्या घराचे फोटो, वीजमीटरचं रीडिंग, मेंटेनन्सची पावती, किती चाव्या दिल्या त्याची नोंद, आणि पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्यावर घरमालकाच्या हातात चावी. रंग उडाला, खिळे ठोकले म्हणून पाच-दहा हजार कापायची सवय काहींना असते. घर घेतलं तेव्हाचे फोटो असतील तर दाखवा. नसतील, आणि करार अजून चालू असेल, तर आजच काढून ठेवा.

आधार, रेशनकार्ड आणि शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता मात्र नव्या घराची नोंदणी झाल्यावरच बदलायला घ्या. आणि नव्या पत्त्याची प्रत मुलाच्या वर्गशिक्षकांकडे द्यायला विसरू नका. आमच्याकडे जुन्याच पत्त्यांवर पाठवलेली पत्रं दरवर्षी परत येतात.